बिनछप्पर मंडळ

"जाताना सांगू नकोस गं बाई," सासूबाई माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या. "घाटात ऐकलं तर गाडी दरीत घालतील. आंबोलीला पोचा, जेवा, आणि मग शांतपणे सांग."

"शांतपणे म्हणजे कसं ते पण सांगा की," मी म्हटलं. "आबा, आमटी छान झालीय, आणि हो, उद्यापासनं तुमची गाडी बंद. असं?"

"तुला सगळ्याची थट्टाच सुचते," म्हणत त्यांनी धपाट्यांचा डबा माझ्या हातात कोंबला आणि पदर डोळ्याला लावून आत गेल्या. मी डबा घेऊन बाहेर आले.

अंगणात आबा, म्हणजे माझे सासरे, मऊ फडक्यानं मिरचीचा आरसा पुसत होते. मिरची म्हणजे त्यांची गाडी. लाल, बुटकी, दोनच शिटांची, वर छप्पर नाही. म्हणजे कापडी छप्पर होतं मागं घडी घातलेलं, पण लग्न होऊन या घरात आल्यापासून मी ते एकदाही लावलेलं पाहिलं नव्हतं. उद्यमनगरात आबांचा ओतकामाचा कारखाना. आयुष्यभर भट्टीच्या धगीत उभं राहिलेला माणूस, पन्नाशी ओलांडल्यावर म्हणाला, आता मला जरा वारा पाहिजे. आणि मुंबईहून जुनी मिरची घेऊन आला.

नाद कसला एकट्यानं करतात कोल्हापुरात! बघता बघता तसल्याच उघड्या गाड्यांवाले आणखी आठ-नऊजण जमले. दातांचे डॉक्टर मगदूम, फळांचे व्यापारी इक्बालभाई बागवान, आणि असेच सगळे. दर महिन्याच्या एका शनिवारी निघायचं, रविवारी परत यायचं. आमच्या गावात चार माणसं जमली की मंडळ होतं, तसं यांचंही झालं. नाव ठेवलं बिनछप्पर मंडळ.

मंडळाला वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. नियम एकच, आणि तो आबांनी केलेला. फाट्यावर थांबायचं. रस्ता जिथं फुटतो तिथं पुढच्या गाडीनं उभं राहायचं, मागची गाडी दिसली पाहिजे, मागच्यानं हात वर केला पाहिजे, मगच पुढच्यानं हलायचं. छप्परच नसल्यामुळं वर केलेला हात लांबनं दिसायचा. घाटात फोन लागत नाहीत, पण या नियमानं इतक्या वर्षांत मंडळाचा एकही माणूस हरवला नव्हता. आणि सगळ्यांत पुढं नेहमी आबाच.

आता घोडं अडलं होतं ते इथंच.

त्या वर्षी पावसाळ्यात आबा सकाळी कारखान्याला म्हणून निघाले आणि दुपारी शाहूपुरीत सापडले, आमच्या जुन्या घराची बेल वाजवताना. ते घर विकून जमाना झाला होता. तिथल्या बाई भल्या, त्यांनी बसवून चहा दिला आणि फोन केला. मग एकदा जेवताना विचारलं, तात्या अजून कसा आला नाही? तात्या म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, माझ्या लग्नाआधीच गेलेला. कुणाचा घास तोंडात गेला नाही त्या रात्री. मेंदूच्या डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की हे वाढत जाणार. गोळ्यांनी वेग कमी होईल एवढंच. गाडी चालवणं लगेच थांबवा. गोळ्या ब्लडप्रेशरच्या आहेत असं आबांना सांगून आम्ही सुरू केल्या. गाडीचं सांगायला मात्र कुणाची जीभ उचलेना.

माझा नवरा रणधीर कारखान्यात पन्नास माणसांवर आवाज चढवतो, पण बापासमोर उभा राहिला की याची शेळी होते. शेवटी घरात ठरलं की डिसेंबरची आंबोली ही शेवटची. वैजू शेजारी बसेल, तिथं पोचल्यावर तीच सांगेल. रविवारी रणधीर ड्रायव्हर घेऊन येईल, मिरची तो आणेल आणि आबा मोठ्या गाडीतनं येतील. वैजू म्हणजे मी. आबांसमोर तोंड वर करून बोलणारी घरात मी एकटी, आणि त्या तोंडाचा त्यांना राग येत नाही, उलट मजा वाटते, म्हणून ही सुपारी माझ्याकडं.

"बस की," आबांनी दार उघडून धरलं. "का मुहूर्त बघायचाय?"

"डोक्याला बांधून घेते. मागच्या खेपेला केसांचा झाडू झाला होता."

"मागच्या खेपेला तू कुठं होतीस?"

"शेजाऱ्यांच्या लग्नाला नेलं होतंत की. गंगावेशीपर्यंत."

ते हसले. मला मात्र उगाच वाटलं की त्यांना ते खरंच आठवलं नाही. त्या दिवसांत असं व्हायचं. साधं बोलणं पण मी तपासून घ्यायची.

मंडळ हायवेला जमलं होतं. सगळ्यांनी आबांना नमस्कार केला, इक्बालभाईंनी माझ्या मांडीवर संत्र्यांची पिशवी ठेवली, आणि आम्ही निघालो. पुढं मिरची, मागं डॉक्टरांची निळी, मग बाकीची रांग. कागलच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांची गर्दी. आम्ही इतके खाली बसलेलो की ट्रॉलीचं चाक माझ्या कानाशी फिरत होतं. एक ट्रॅक्टरवाला वरनं ओरडला, "ओ आबा, छप्पर कुठं पडलं?"

"तुझ्या मागच्या ट्रॉलीत बघ!" आबा ओरडले, आणि अलगद गाडी काढून पुढं गेले.

खरं सांगायचं तर त्यांचं चालवणं बघून माझा विश्वास बसेना. हात सैल, नजर लांब, गिअर कधी बदलला कळायचं नाही. हा माणूस आजारी? मला वाटायला लागलं, त्या मेंदूच्या डॉक्टरांचंच काहीतरी चुकलंय. आणि जरा वेळानं मीच मनात म्हणायची, वैजे, तुला सांगायचं नाहीये म्हणून तू असं शोधतेयस.

"मागच्या महिन्यात कुठं गेला होता?" मी विचारलं.

"राधानगरीला. वाटेत उसाचा रस प्यालो, झकास."

"आणि धरण?"

"धरण काय, तिथंच आहे. पळून जातंय होय?"

निपाणी, उत्तूर, प्रत्येक फाट्यावर ते शिस्तीत बाजूला उभे राहिले. आरशात बघायचे. डॉक्टरांचा हात वर आला की पुटपुटायचे, "आला." मग निघायचे. आजऱ्यात मिसळ खाल्ली. आबांनी माझ्यातला अर्धा पाव उचलला आणि वर म्हणाले, तुझं वजन वाढतंय. सगळं इतकं नेहमीसारखं होतं की मी कशासाठी आलेय तेच विसरून गेले.

आजरा मागं पडलं आणि एक फाटा आला. तिथल्या पाटीवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स अर्धा आडवा बांधलेला. मोठा रस्ता सरळ जात होता, एक बारका डावीकडं. आबांनी गाडी हळू केली. सरळ बघितलं, डावीकडं बघितलं. मग डावीकडं वळवली आणि नियमाप्रमाणं कडेला उभी केली.

"आबा, आंबोली सरळ ना? मला फ्लेक्सच्या मागं बाण दिसला."

"हा जवळचा आहे."

मागनं डॉक्टर आले. फाट्यावर क्षणभर थांबले. मी वळून बघत होते. त्यांनी सरळ रस्त्याकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि हात वर केला.

"आला," आबा म्हणाले, आणि निघाले.

रस्ता आधी चांगला होता. मग डांबर विरळ झालं, मग नुसती लाल माती. दोन्ही बाजूंना काजूची झाडं. मिरचीचं पोट खाली घासायला लागलं. मी मागं बघतेय, तर लाल धुळीतनं एकामागं एक सगळ्या गाड्या येतायत. निळी, पिवळी, पांढरी. कुणी हॉर्न देत नाही, कुणी दिवा मारत नाही. म्हटलं, इतकी शहाणी माणसं मुकाट येतायत म्हणजे जवळचाच असणार रस्ता.

आणि रस्ता संपला. संपला म्हणजे थेट एका खळ्यात जाऊन संपला. सारवलेल्या जमिनीवर भाताची मळणी चाललेली. एक नवरा-बायको हातात पेंढ्या धरून तसेच उभे राहिले. पलीकडं घर, घरामागं डोंगर. पुढं जायला पायवाटसुद्धा नव्हती.

आबांनी इंजिन बंद केलं.

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते. ते त्या खळ्याकडं बघत होते, मग डोंगराकडं, मग परत खळ्याकडं. आमच्या घरी रात्री लाईट गेली की माझा मुलगा असा बघतो. मी काहीतरी बोलणार होते, पण मागं एकेक गाडी येऊन थांबली आणि डॉक्टर मगदूम खाली उतरून दोन्ही हात वर ताणत म्हणाले, "वा आबा! जागा काढलीत बघा!"

"मी काल बायकोला म्हणालो," इक्बालभाई मागनं ओरडले, "आबा या खेपेला नवीन कायतरी दाखवणार. आंबोली काय, सगळेच बघतात!"

आणि बघता बघता सतरंज्या बाहेर आल्या. कुणी थर्मास काढला, कुणी कॅमेरा. आबांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. ते उतरले, कमरेवर हात ठेवून म्हणाले, "मग? आवडलं का?"

खळ्यातली बाई अजून पेंढी धरून उभी होती. ती मला म्हणाली, "कुणाचं लगीन हाय व्हय?"

"नाही ओ मावशी, फिरायला आलोय."

"आणि गाड्यांची छपरं?"

"घरी ठेवलीत."

तिला ते पटलं असावं. "बसा की मग," म्हणाली. "नव्या तांदळाचा भात टाकतो. वास तर बघा." इक्बालभाईंनी लगेच संत्र्यांची पेटी उतरवून तिच्या ओसरीवर ठेवली, आणि डॉक्टरांची बायको पदर खोचून चुलीपाशी गेली. मंडळाचं स्वयंपाकघर सुरू झालं.

माझं डोकं मात्र तापलं होतं. मी डॉक्टरांना गवताच्या गंजीमागं गाठलं.

"डॉक्टर, तुम्हाला आंबोलीचा रस्ता माहीत नाही?"

"आहे की. माझं आजोळ आहे त्या अंगाला."

"मग हॉर्न का नाही दिला? नऊ गाड्या घेऊन रानात शिरलात!"

"पुढची गाडी वळली की मागचीनं वळायचं, वहिनी."

"नियम मला शिकवू नका!" माझा आवाज चढला, मग मीच तो खाली आणला. "ही थट्टा चाललीय का? म्हातारा माणूस चुकला आणि तुम्ही टाळ्या वाजवताय?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, शर्टानं पुसला. परत घातला नाही. "थट्टा नाही ओ," ते म्हणाले. "श्रावणापासनं चाललंय हे. पन्हाळ्याला म्हणून निघालो आणि एका शाळेच्या मैदानात पोचलो. मागच्या महिन्यात राधानगरी, तर थेट साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत आमच्या नऊ गाड्या. तिथं रस प्यालो, गाणी म्हटली, आणि परत आलो. आबांना वाटलं, बेतच तो होता. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय, आबा नेतील ते ठिकाण."

"आणि कुठं काही झालं तर?"

"म्हणून तर मी त्यांच्या मागं असतो. नजर हटवत नाही. त्यांचा हात पक्का आहे, वहिनी, रस्ताच फक्त निसटतो." मग म्हणाले, "माझी पहिली गाडी मी पहिल्याच महिन्यात झाडावर घातली होती. आबा रोज सकाळी येऊन शेजारी बसायचे. एकदासुद्धा आवाज चढवला नाही. त्यांना कसं सांगू, आबा तुम्ही चुकला?"

त्यांचे डोळे लाल झाले होते आणि धुळीनं नव्हते. घरात आमची जीभ उचलत नव्हती आणि इथं या नऊ माणसांची.

पण मला तर सांगायचं होतं. आता तर सांगायलाच पाहिजे होतं. मी तोंडावर पाणी मारलं आणि खळ्याच्या कडेला गेले. आबा तिथं दगडावर एकटेच बसले होते, भाताची एक लोंबी हातात घेऊन दाणे सोलत.

"आबा, एक बोलायचं होतं."

"बोल की. घरातनं निघाल्यापासनं तुझ्या तोंडात कायतरी घोळतंय. कागलला वाटलं बोलशील. आजऱ्याला वाटलं."

मी बसले. शब्द जुळवून ठेवले होते, ते सगळे पळाले. आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. दाणा सोलला, तोंडात टाकला.

"बरं, मी सांगू?" ते म्हणाले. "हे आंबोली नाही."

मी पण खळ्यातली एक लोंबी उचलली.

"जवळचा रस्ता आहे म्हणालो ना मगाशी? ते पण उगाच. दोन्ही रस्ते सारखेच दिसत होते मला. एक उचलला."

"आबा..."

"वजनकाट्यावर पहिल्यांदा कळलं मला. तिथला माणूस खिडकीतनं विचारतो, माल काय आणलाय? आणि इक्बाल ओरडला, बिनछप्पर मंडळ आणलंय, करा वजन! सगळे हसले. मी पण हसलो. हसता हसता इक्बालकडं बघितलं, तर तो माझ्याकडं बघत होता. आपला मुलगा पोहायला शिकताना बघतात ना, तसा. तेव्हा कळलं की राधानगरी राहिली मागं. आणि कळलं की सगळ्यांना माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" आता ते माझ्याकडं वळले. "नऊ माणसं, वैजू. चांगली शिकलेली, कामधंदा असलेली. माझ्यापायी रस्ता चुकायला तयार झालीत, आणि ते पण हसत. इतकं मनापासनं करतायत बिचारी. मी म्हणू का, मला ठाऊक आहे रे, बास करा? त्यांचं मन मोडेल की."

मला रडू आलं. आबांसमोर मी कधी रडले नव्हते. त्यांनी खिशातनं आरसा पुसायचं फडकं काढून माझ्या हातात दिलं.

"त्या गोळ्या पण प्रेशरच्या नाहीत," ते म्हणाले. "मी कारखाना चालवलाय. डबीवरचं नाव वाचता येतं मला. तुझ्या सासूला सांगू नको पण. ती रोज मला पटवते, प्रेशर उतरतंय म्हणून. तिला बरं वाटतं."

मी त्या फडक्यात तोंड घालून बसले. पलीकडं मंडळ कुणाच्या तरी विनोदावर जोरात हसलं.

"आज मात्र भ्यालो," आबा हळूच म्हणाले. "एकटा होतो तेव्हा वाटायचं, जाईल तिकडं जाईल. आज तू शेजारी होतीस. तुझं पोरगं घरी वाट बघतंय. खळ्यात गाडी थांबली आणि मला एक क्षण कळेना की शेजारी कोण बसलंय. तू. तू कोण ते कळेना." त्यांनी खिशात हात घातला आणि मिरचीची किल्ली माझ्या मांडीवर ठेवली. "घे. आणि घरी सांग की तू सांगितलंस म्हणून दिली. रणधीरला बरं वाटेल, त्याला बोलायला नको. यांना मात्र कळू द्यायचं नाही की मला कळलंय."

"ते कसं जमणार?"

"बघ तू."

भात झाला. केळीच्या पानावर आयता वाफाळता भात, वर पिठलं, शेजारी कांदा फोडलेला. त्या तांदळाचा वास अजून माझ्या नाकात आहे. जेवणं झाली, बाईंनी ताक दिलं, आणि आबा उभे राहिले. त्यांनी टाळी वाजवली.

"ऐका रे! मंडळाचा नियम कुणी केला?"

"तुम्ही, आबा!"

"मग बदलणार पण मीच. इथनं पुढं डॉक्टर पहिला. मी शेवटी. तुम्ही फाट्यावर थांबता का नुसतेच उधळता, ते मला मागनं बघायचंय. आणि गाडी वैजू चालवेल. माझे गुडघे दुखतायत."

कुणी गुडघ्यांची चौकशी केली नाही. डॉक्टर आपल्या बुटांकडं बघत राहिले. कुणीतरी सतरंजी झटकायला घेतली, ती झटकलेलीच होती. शेवटी इक्बालभाई कसाबसा आवाज काढून म्हणाले, "आबा, शेवटची गाडी म्हणजे सगळ्यांची धूळ खायची हां."

"खाईन की," आबा म्हणाले. "इतकी वर्षं तुम्ही माझी खाल्लीत."

मग सगळे हसले, आणि हसायच्या निमित्तानं ज्याला डोळे पुसायचे होते त्यानं पुसून घेतले.

मी मिरची कधी चालवली नव्हती. स्कूटर आणि घरची छोटी गाडी एवढीच माझी मजल. क्लच सोडला तर गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. खळ्यातली बाई तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"हळू," आबा डावीकडनं म्हणाले. त्या बाजूला ते बसलेले मी पहिल्यांदा बघत होते. "पोळी तव्यावर टाकतात तसा अलगद सोड."

"पोळ्या तुम्ही कधी टाकल्यात?"

"बघितल्यात. चालव."

तिसऱ्यांदा गाडी निघाली. पुढच्या सगळ्यांची लाल धूळ आमच्या तोंडात, डोळ्यांत, धपाट्यांच्या डब्यात. आबा खोकत होते आणि मजेत होते. काजूच्या झाडांतनं बाहेर पडलो आणि समोर तो मगाचा फाटा दिसला. नियमाप्रमाणं तिथं एकच गाडी थांबायला हवी होती, आमच्या पुढची, इक्बालभाईंची पिवळी.

पण तिथं सगळे थांबले होते. निळी, पांढरी, सगळ्या गाड्या मोठ्या रस्त्याच्या कडेला ओळीत उभ्या, आणि सगळ्यांच्या माना मागं वळलेल्या.

"हे काय?" मी म्हटलं. "सगळेच कसे थांबलेत?"

"येडी आहेत," आबा म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. "वैजू, हात कर. हात केल्याशिवाय हलायचे नाहीत."

"माझे दोन्ही हात गुंतलेत, आबा. तुम्ही करा."

आबांनी हात वर केला. पलीकडनं कुणीतरी हॉर्न वाजवला, मग सगळ्यांनीच वाजवला, आणि फ्लेक्सवरचे कावळे उडून गेले. आबांनी तो हात आंबोलीचा घाटरस्ता लागेपर्यंत खाली घेतला नाही.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. "सांगितलंस का गं?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"ऐकलं माझं. किल्ली दिली."

"देवच पावला," म्हणून त्या रडायला लागल्या. शेजारच्या खुर्चीत आबा तोंडावर बोट ठेवून गालात हसत होते.

या गोष्टीला आता सात-आठ वर्षं झाली. त्यानंतर दोन वर्षं आबा मंडळाबरोबर जात राहिले, डावीकडं बसून, शेवटच्या गाडीतनं, आणि मिरची मी चालवायची. मग तेही थांबलं. हल्ली ते रणधीरला कधी ओळखतात, कधी साहेब म्हणून नमस्कार करतात. मला नावानं हाक मारून तर बरेच दिवस झाले. गाडीचं नाव काढलं तर नुसतं बघतात.

आमच्या घरात एक बोळ आहे. बाथरूममधनं बाहेर आलं की बोळात तीन दारं लागतात, एक स्वयंपाकघराचं, एक आमच्या खोलीचं, एक आबांचं. रोज सकाळी अंघोळ करून ते बाहेर येतात आणि तिथं थांबतात. सरळ बघतात, डावीकडं बघतात. आधी आम्ही हाका मारायचो, इकडं आबा, इकडं. हाकेनं ते बावरायचे. आता मी हाक मारत नाही. हातातलं काम ठेवते आणि त्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहते. नुसती उभी राहते. कधी पटकन दिसते त्यांना, कधी फार वेळ लागतो.

काल गॅसवर दूध होतं. आबा बोळात आले आणि उभे राहिले. मी दाराशी थांबले. मागं दूध वर आलेलं ऐकू येत होतं, मग ते उतू गेलं, मग जळका वास सुटला. सासूबाई देवघरातनं ओरडल्या, "अगं वैजू, दूध!" मी जागची हलले नाही. आबा कितीतरी वेळ भिंतीकडं बघत होते. मग त्यांनी मान वळवली, मी दिसले, आणि त्यांनी हात वर केला.

"आला," मी म्हटलं, आणि हलले.